इंग्रजी शिकणारें मूल आणि आपण

[नभोवाणीवरील भाषण]

शाळामास्तराची शाळा सुटते, पण शाळामास्तर सुटत नाहीं. मला निवृत्त होऊन कांहीं वर्षें झालीं; तरी अजूनहि संध्याकाळीं ओट्यावर बसलों कीं कोणी ना कोणी पालक येतो, इकडचें तिकडचें बोलतो आणि अखेर मुद्द्यावर येतो : "गुरुजी, पोराचें बाकी सारें बरें आहे, पण इंग्रजीचें कांहीं खरें नाहीं. काय करावें?" हा प्रश्न विचारणाऱ्या बापास स्वतःला बहुधा इंग्रजी येत नसते. म्हणून त्याच्या आवाजांत एक प्रकारची शरम असते. जणूं पोराच्या अडचणीला आपणच कारण आहों असें त्यास वाटत असतें. आज मी बोलणार आहें तें अशा बापांसाठीं, आणि विशेषतः आयांसाठीं.

मी कांहीं इंग्रजीचा पंडित नव्हे. मॅट्रिक झालों, अध्यापनाची पदविका घेतली, आणि अडतीस वर्षें खानदेशांतल्या खेड्यांच्या शाळांत पाढे, बाराखडी, भूगोल, जें समोर येईल तें शिकविलें. इंग्रजीचें पहिलें अक्षर मीं पांचवींत गिरविलें. पुढें तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन रात्रीं कंदिलाजवळ बसलों. त्या पुस्तकाचे उपकार मी विसरणार नाहीं. परंतु तें पुस्तक मिसरूड फुटूं लागलेल्या पोरांसाठीं होतें, सहा वर्षांच्या लेंकरांसाठीं नव्हे. हा भेद मला २००० सालच्या जून महिन्यांत नीट कळला.

त्या वर्षीं महाराष्ट्रांतील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. आम्हां प्राथमिक शिक्षकांपैकीं पुष्कळांच्या पोटांत गोळाच उठला. ज्या भाषेंत आपणांस चार वाक्यें न अडखळतां बोलतां येत नाहींत, ती भाषा आपण दुधाचे दांत न पडलेल्या मुलांस शिकवायची! मीं आदल्या रात्रीं आरशापुढें उभें राहून "गुड मॉर्निंग, चिल्ड्रन" हें वाक्य वीस वेळां घोकलें. सकाळीं वर्गांत तें म्हटलें, तेव्हां सारीं मुलें उभीं राहिलीं आणि एका सुरांत म्हणालीं, "गुड मॉर्निंग, चिल्ड्रन!"

मग मला जसें शिकविलें गेलें होतें तसेंच मी शिकवूं लागलों. "सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर." वर्ग नुसता दणाणून जाई. शेजारच्या वर्गाचे गुरुजी म्हणत, "तुमची इंग्रजी जोरांत चालली आहे." मलाहि तसेंच वाटे. एके दिवशीं शाळेच्या पायरीवर खरेंच एक मांजर येऊन बसलें. मीं पहिलींतल्या एका मुलास विचारलें, "याला इंग्रजींत काय म्हणतात रे?" तो मोठ्या उत्साहानें एका दमांत म्हणाला, "सीएटीकॅटकॅटम्हणजेमांजर!" त्या बिचाऱ्यास वाटत होतें कीं इंग्रजांच्या देशांत मांजराचें नांव एवढें लांबलचक आहे. आम्हीं त्याला शब्द शिकविला नव्हता, एक आरती शिकविली होती.

त्या दिवसापासून मी विचार करूं लागलों. आपल्या देवनागरींत अक्षराचें नांव आणि त्याचा आवाज एकच असतो. 'क'ला आपण 'क'च म्हणतों. म्हणून बाराखडी हातीं आली कीं मराठी मूल दुकानाची पाटी असो, लग्नाची पत्रिका असो, धडाधड वाचूं लागतें. इंग्रजी अक्षराचें नांव निराळें आणि काम निराळें. 'एच' या नांवांत 'ह' कोठें ऐकूं येतो? 'डब्ल्यू'मध्यें 'व' कोठें सांपडतो? सी, ए आणि टी हीं तीन नांवें भरभर जोडलीं तर 'सीएटी' होईल. त्यांचें 'कॅट' कसें होतें, हें मुलाला कोडेंच असतें. तें विचारीत नाहीं, एवढेंच. तेव्हां नांवें मागाहून आणि आवाज आधीं, असा क्रम मीं धरला. 'क', 'ॲ', 'ट' असे तीन आवाज सावकाश म्हणावयाचे आणि मग जवळ आणावयाचे. हें काम ज्याला बाराखडी येते त्या मुलाला अवघड जात नाहीं. आवाज ओळखून अक्षर वाचणें ही विद्या त्यानें मराठींत मिळविलेलीच असते. म्हणून पहिलीच्या मुलाचें मराठी वाचन कच्चें असेल तर इंग्रजीची घाई करूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

एका चुणचुणीत मुलीनें मात्र मला अडविलें. "गुरुजी, हा सी एकदां 'क' होतो आणि एकदां 'स' होतो, असें कसें?" मी क्षणभर गप्प राहिलों. मग फळ्यावर 'चार' लिहिलें, त्याखालीं 'चारा' लिहिलें आणि तिला मोठ्यानें वाचावयास सांगितलें. अक्षर तेंच, पण 'चार' म्हणतांना जीभ टाळूला लागते आणि 'चारा' म्हणतांना ती दांतांकडे सरकते. वर्गांतल्या साऱ्या मुलांनीं तें दहा दहा वेळां म्हणून पाहिलें. हा भेद त्यांस कोणीं शिकविला होता? कोणींच नाहीं, आईच्या तोंडून ऐकून तो आला होता. एका अक्षराचे दोन आवाज असूं शकतात, ही गोष्ट मराठी मुलास नवी नाहीं, तिची फक्त आठवण करून द्यावी लागते. 'बी-यू-टी बट' आणि 'पी-यू-टी पुट' याला मात्र माझ्याजवळ तोड नव्हती. तेथें "हें असेंच आहे, पाठ करा" म्हणून मी मोकळा होत असें.

आतां माझी स्वतःची एक चूक सांगतों. ती सांगितल्यावांचून पुढचें बोलणें प्रामाणिक होणार नाहीं.

चौथींतल्या मुलांस मीं आपल्या वडिलांविषयीं पांच वाक्यें लिहावयास सांगितलीं होतीं. एका मुलानें लिहिलें, "माय फादर आर फार्मर. दे आर गेट अप फाइव्ह ओक्लॉक." मला हंसूं आलें. मीं तें वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविलें आणि म्हटलें, "अरे, तुला वडील आहेत तरी किती?" सारा वर्ग खो खो हंसला. मुलगा खालीं मान घालून बसला. त्यानंतर इंग्रजीच्या तासाला त्यानें तोंड म्हणून उघडलें नाहीं. तीन-चार आठवड्यांनीं शाळेच्या झाडांना पाणी घालतांना तो एकटाच माझ्याजवळ होता. मीं विचारलें, तेव्हां तो हळूच म्हणाला, "गुरुजी, वडिलांना 'ही' कसें म्हणूं? 'तो' म्हटल्यासारखें होतें."

श्रोतेहो, माझ्या हातांतला झारा तसाच राहिला. मराठींत आपण "माझे वडील शेतकरी आहेत, ते पांच वाजतां उठतात" असेंच म्हणतों. "माझा वडील शेतकरी आहे, तो उठतो" असें म्हणणाऱ्या पोराच्या कानाखालीं बसेल. त्या मुलानें मराठींतला आदर जसाच्या तसा इंग्रजींत नेला होता. ती चूक अज्ञानाची नव्हती. घरच्या वळणाची होती. आणि मीं त्या वळणाला हंसलों होतों. दुसऱ्या दिवशीं मीं वर्गापुढें त्याची क्षमा मागितली आणि सर्वांस समजावून सांगितलें कीं इंग्रजींत राजालाहि 'ही'च म्हणतात, त्यांत त्याचा अपमान होत नाहीं. तरीहि त्या मुलानें पुन्हा आपण होऊन हात वर करण्यास दिवाळी उजाडली. मुलाला गप्प बसविण्यास एक तास पुरतो. बोलतें करण्यास किती लागतो, तें मीं तेव्हां मोजलें.

त्या प्रसंगानंतर मुलांच्या चुकांकडे मी निराळ्या नजरेनें पाहूं लागलों. बहुतेक चुकांच्या मागें मराठी उभी असलेली दिसे. मूल म्हणतें, "आय मँगो ईट." कां? तर आपण "मी आंबा खातों" असें म्हणतों; क्रियापद शेवटीं. मराठींत "कुत्र्यानें मांजर धरलें" म्हणा किंवा "मांजर कुत्र्यानें धरलें" म्हणा, धरणारा कुत्राच राहतो, कारण 'नें' हा प्रत्यय त्याला चिकटलेला असतो. इंग्रजींत प्रत्यय नाहीं, तेथें जागा हाच प्रत्यय. शब्दांची अदलाबदल केली कीं मांजर कुत्र्याला धरतें! मीं तीन मुलांना उभें करीत असें. एक कुत्रा, एक मांजर आणि मध्यें 'धरलें'. कुत्रा आणि मांजर यांनीं जागा बदलल्या कीं वर्गानें नवा अर्थ सांगावयाचा. हा खेळ मुलांना इतका आवडे कीं मधल्या सुट्टींतहि चाले, आणि एखादें मांजर कुत्र्याला खरोखरच धरी. तसेंच 'टेबलावर' या शब्दांतला 'वर' मागें चिकटतो, पण इंग्रजींतला 'ऑन' टेबलाच्या पुढें येऊन निराळा उभा राहतो.

'अ' आणि 'द' या दोन चिमुकल्या शब्दांनीं तर मोठमोठ्यांस रडविलें आहे, मलाहि. आपल्याकडे त्यांची जोडी नाहीं, असें आम्हांला शिकवीत. पण गोष्ट कशी सांगतात तें आठवा. "एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या." पहिल्यानें भेटला तेव्हां तो 'एक' राजा, ओळख झाल्यावर 'तो' राजा. 'अ' आणि 'द' यांचें काम पुष्कळसें असेंच चालतें. सगळे नियम एवढ्यानें उलगडत नाहींत हें मला ठाऊक आहे. पण नऊ वर्षांच्या मुलास आरंभ करावयास एवढें पुरतें. नियमांचा सारा डोंगर त्याच्या डोक्यावर ठेवण्यापेक्षां आजीच्या गोष्टींतून एक वाट काढून देणें बरें.

मग चूक सुधारावयाची नाहीं काय? सुधारावयाची, पण कशी, तें पाहिलें पाहिजे. लहान बाळ "मी पाणी पिला" म्हणतें, तेव्हां आई त्याला व्याकरण सांगत नाहीं. ती म्हणते, "हो का? पाणी प्यायलास का माझ्या सोन्या?" बरोबर शब्द बाळाच्या कानांत पडतो आणि बोलणें पुढें चालू राहतें. मीं हीच रीत वर्गांत उचलली. मूल म्हणालें, "आय मँगो ईट," कीं मी म्हणें, "ओहो, यू ईट मँगोज? आय ईट मँगोज टू!" वहींतहि एका वेळीं एकाच प्रकारची चूक तांबड्या शाईनें दाखवीत असें. साऱ्या चुका एकदम दाखविल्या कीं पान रक्तबंबाळ होतें आणि मूल त्यांतून कांहींच शिकत नाहीं.

येथें थोडें विषयांतर करतों. माझ्या शाळांतल्या बहुतेक मुलांच्या घरीं अहिराणी बोलत. त्यांस 'मला' हा शब्दसुद्धां शाळेंत शिकावा लागे. घरीं ते 'माले' म्हणत. म्हणजे पुस्तकांतली मराठी ही त्यांची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. नंदुरबारकडे पावरी बोलणाऱ्या, मेळघाटांत कोरकू बोलणाऱ्या, गडचिरोलीकडे गोंडी बोलणाऱ्या मुलांची गोष्ट याहूनहि अवघड आहे. अशा मुलाला "तुला साधी मराठी येत नाहीं, इंग्रजी काय येणार?" असें म्हणणारे शिक्षक मीं पाहिले आहेत. खरें तर एका भाषेंतून दुसरींत जाण्याचा प्रवास त्यानें सहाव्या वर्षींच एकदां केलेला असतो. त्याची वाट त्याला ठाऊक असते. त्याला थट्टेचे कांटे मात्र नकोत.

आणि इंग्रजी आपणांस मुळींच येत नाहीं, असें जें खेड्यांतलें मूल समजतें, तेंहि खरें नाहीं. पांचवींतला एक मुलगा मला म्हणाला, "मला एकहि इंग्रजी शब्द येत नाहीं." त्याचा बाप विहिरीवरच्या पंपांचें काम करी. मीं त्याला म्हटलें, "बरें, मोटर बिघडली तर तुझे वडील काय काय पाहतात, तेवढें सांग." तो सांगूं लागला आणि मी फळ्यावर लिहूं लागलों : मोटर, पंप, स्टार्टर, फ्यूज, स्विच, वायर, मीटर, पाइप, व्हॉल्व, नट, बोल्ट, वॉशर. मग बाकीचीं मुलें सरसावलीं. केळीच्या बागेंतून 'ड्रिप' आला, दवाखान्यांतून 'सलाइन' आणि 'इंजेक्शन' आलें, एस. टी. स्टँडवरून 'तिकीट', 'कंडक्टर' आणि 'रिझर्व्हेशन' आलें. तासाची घंटा झाली तेव्हां फळा भरला होता. 'तिकीट' मूळ कसें म्हणतात, 'वायर' लिहितात कसें, हें शिकविणें पुढें सोपें झालें. कारण अर्थ आधींच त्यांच्या खिशांत होता. माझा असा अनुभव आहे कीं पुस्तकांतल्या 'स्नो' आणि 'इग्लू'पेक्षां 'स्टार्टर'वर मुलाचा विश्वास अधिक बसतो.

दुसरी एक गोष्ट पालकांच्या लक्षांत येत नाहीं, ती म्हणजे मुलाचें गप्प राहणें. नवीन भाषेंत पडलेलें मूल कधीं कधीं कित्येक आठवडे, महिनेहि, बोलत नाहीं. तें ऐकत असतें. आपलें तान्हें बाळ वर्षभर ऐकतें आणि मग बोलतें. त्याला कोणी मठ्ठ म्हणत नाहीं. अशा काळांत मुलाला उत्तर देण्याची सक्ति न करतां हुकूम पाळण्याचा खेळ द्यावा : "स्टँड अप," "टच युअर नोज," "ओपन द डोअर." तोंड उघडावें लागत नाहीं, पण समजलें कीं नाहीं तें हातापायांवरून कळतें. अमेरिकेंतील जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञानें ही पद्धत १९६० नंतरच्या दशकांत शास्त्रोक्त रीतीनें मांडली, असें मला पुढें एका प्रशिक्षणवर्गांत कळलें. मला ती मुलांच्या 'शिवाजी म्हणतो' या खेळावरून सुचली होती.

आतां घराकडे वळतों. माझा मुलगा पुण्यास नोकरीला असतो. त्यानें नातवाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत घातलें. मी विरोध केला नाहीं. ज्याचें मूल त्याचा निर्णय. पण त्या शाळेनें पालकांस सांगितलें, "घरींहि इंग्रजींतच बोला." सूनबाई मराठी शाळेंत शिकलेली, गोष्टीवेल्हाळ, दिवसभर बोलून न थकणारी. तिनें ती आज्ञा मनापासून पाळली. त्या वर्षीं मी पुण्यास गेलों, तेव्हां त्या घरांत मला कांहींतरी चुकल्यासारखें वाटलें. दोन दिवसांनीं कळलें. आई मुलाशीं बोलतच नव्हती. ती म्हणे, "कम. सिट. ईट फास्ट. डोन्ट डू. गो स्लीप." तिच्याजवळ इंग्रजी होती ती एवढीच, म्हणून मुलाशीं तिचें नातें तेवढ्याच हुकुमांवर येऊन ठेपलें होतें. भाजी निवडतांना सांगावयाच्या गोष्टी, "कां?" म्हणून विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें, लाडीगोडी, सारें बंद पडलें होतें.

त्या मे महिन्यांत नातू गांवीं आला. एका दुपारीं तो धांवत घरांत आला. कांहींतरी पाहून भ्यालेला होता. "आबा, देअर... तें... बिग... तें झाडाच्या..." आणि रडूं लागला. निंबाच्या ढोलींत त्यानें घोरपड पाहिली होती. तें सांगावयास त्याच्याजवळ इंग्रजी पुरेशी नव्हती आणि मराठीहि उरली नव्हती. पांच वर्षांच्या मुलाला आपली भीति सांगावयास एकहि भाषा असूं नये, यापरतें दारिद्र्य कोणतें? मीं त्याला मांडीवर घेतलें आणि घोरपडीची सारी हकीकत त्याच्याकडून मराठींत काढली; तिची शेपटी, तिची जीभ, तो मागें कसा सरला तें सारें. तासभर लागला. रात्रीं मीं सूनबाईला म्हटलें, "पोरी, तुला जी भाषा भरभरून येते तींतच त्याच्याशीं बोल. ज्याला एका भाषेंत गोष्ट सांगतां येते त्याला ती दुसरींत न्यावी लागते. ज्याला कोठेंच सांगतां येत नाहीं, तो काय नेणार?" तिच्या डोळ्यांत पाणी आलें. ती म्हणाली, "आबा, मलाच किती दिवस कोंडल्यासारखें झालें होतें." आतां तो चौथींत आहे. दोन्ही भाषांत भांडतो. स्पेलिंगें मात्र भयंकर लिहितो.

ही केवळ म्हाताऱ्याची हळवी समजूत नव्हे. कॅनडांतील जिम कमिन्स या अभ्यासकानें १९७९ सालीं एक महत्त्वाचा भेद दाखविला. परभाषेंतलें रोजचें बोलणें मूल साधारण दोन वर्षांत उचलतें. पण त्या भाषेंत विज्ञान, इतिहास, गणिताचीं उदाहरणें समजून घेणें, कारण सांगणें, तुलना करणें, यांस पांच ते सात वर्षें लागतात. आणि हीं तर भोंवतीं सर्वत्र इंग्रजी असलेल्या मुलांचीं वर्षें! आपल्या मुलाला आठवड्यांतून कांहीं तासच ती ऐकूं येते. म्हणून मूल शेजाऱ्याशीं "हाउ आर यू, अंकल" म्हणूं लागलें म्हणजे त्याला विज्ञानाचें पुस्तक समजतें असें मानूं नये. सेमी-इंग्रजीच्या वर्गांतलीं मुलें 'फोटोसिंथेसिस' हा शब्द घडाघड म्हणतात. पण पान हिरवें कां, तें अन्न कसें तयार करतें, हें विचारलें कीं गप्प होतात. तेंच मराठींत एकदां समजलें, झाडाजवळ उभें राहून समजलें, कीं इंग्रजी शब्द हा त्याला नुसतें दुसरें नांव होतो. राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंहि २०२० सालीं, शक्य असेल तेथें निदान पांचवीपर्यंत घरच्या भाषेंतून शिकवावें, असेंच म्हटलें आहे.

गणितांत एक बारीक अडचण असते, ती सांगून टाकतों. मराठींत आपण 'पंचवीस' म्हणतों. पांच आधीं, वीस मागून. इंग्रजींत 'ट्वेंटी फाइव्ह', वीस आधीं. मूल ऐकून ५२ लिहितें, आणि आपण त्याला निष्काळजी म्हणतों. २०१९ सालीं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'वीस पांच' असें वाचन आलें, तेव्हां महाराष्ट्रांत केवढा गदारोळ झाला होता तें आपणांस आठवत असेल. मला स्वतःला 'पंचवीस' हेंच गोड वाटतें. पण मुलांची अडचण खोटी नव्हती.

आतां पुन्हा ओट्यावरच्या त्या प्रश्नाकडे येतों : ज्याला इंग्रजी येत नाहीं त्या आईबापानें काय करावें? माझें उत्तर असें कीं ऐकावें. मायकेल वेस्ट नांवाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ पूर्वीं ढाक्यास होते. त्यांनीं बंगालमधील मुलांविषयीं १९२६ सालीं एक ग्रंथ लिहिला. त्यांचें म्हणणें असें कीं पुष्कळ मुलें शाळा अर्धवट सोडतात. त्यांच्या पदरांत उपयोगी असें कांहीं पडावयाचें तर त्यांस आधीं वाचतां आलें पाहिजे. मला हें पटतें. आणि वाचन ही अशी गोष्ट आहे कीं घरीं ऐकणारें माणूस असलें तर ती वाढते. ऐकणाऱ्याला अर्थ कळलाच पाहिजे असें नाहीं. मुलानें रोज दहा मिनिटें मोठ्यानें वाचावें, आणि मग "यांत काय आहे?" म्हणून आईनें विचारावें. त्यानें मराठींत सांगावें. सांगतां आलें नाहीं तर त्याला समजलें नाहीं, हें आईला इंग्रजी न येतांहि कळतें.

एकदां मीं हें एका बाईंना सांगितलें. त्या केळीच्या बागेंत मजुरीला जात. स्वतः तिसरीपर्यंत शिकलेल्या. त्यांनीं सारें ऐकून घेतलें आणि विचारलें, "पण गुरुजी, तो चुकीचें वाचीत असला तर मले कसें कळीन?" प्रश्न मोठा रास्त होता. मीं म्हटलें, "बाई, तो जेथें अडखळेल तेथें तुम्हांला ऐकूं येईलच. तेथें एक टिकली करून ठेवा. सकाळीं शाळेंत मी तेवढेंच पाहीन." मला म्हणावयाचें होतें, पेन्सिलीनें ठिपका करा. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलानें पुस्तक माझ्यापुढें उघडलें. त्या पानावर कपाळाला लावावयाच्या तांबड्या टिकल्या चिकटविलेल्या होत्या. मीं मोजल्या. अकरा होत्या, आणि प्रत्येक टिकली बरोबर त्याच शब्दाखालीं होती, जो त्याला वाचतां येत नव्हता.